सात मापं, सहा नावं

पुण्याची गाडी होती. दुकानासमोर थांबली आणि एक बाई शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन उतरल्या. सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. प्रतापराव गुजरांचं स्मारक बघायला निघाले होते. नेसरीत शिलाईचं दुकान टाकून मला एकोणतीस वर्षं झाली. अशा पाहुण्यांची बटणं मी पुष्कळ लावलीत आणि त्यांचे पैसे कधी घेतले नाहीत.

सुईत दोरा ओवत होतो, तेवढ्यात पोरानं विचारलं, "काका, ते सात जण होते ना? सगळ्यांची नावं सांगा ना."

मी ऐटीत सुरुवात केली. "सरसेनापती प्रतापराव गुजर." मग, "विसाजी बल्लाळ." मग दोरा सुईतून निसटला. निसटला की मी निसटू दिला, देव जाणे. पुढचं एक नाव जिभेवर येईना. "विठ्ठल... नाही, विठोजी..." असं काहीतरी पुटपुटलो. पोरगं तोंडाकडे बघत उभं. शेवटी त्याच्या आईनंच माझी सुटका केली, "अरे, काकांना काम करू दे."

गाडी गेली आणि मी कात्री उगाच पुसत बसलो. जन्म नेसरीत, शाळा नेसरीत. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र, आदिलशाहीतल्या बहलोलखानाची फौज आणि तिच्यावर तुटून पडलेले सात घोडेस्वार, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ऐकवतात. आणि मला सातातली दोनच नावं यावीत?

मशीनच्या मागं लेक पुस्तक घेऊन बसली होती. गडहिंग्लजला बी.ए.ला आहे, मानसशास्त्र घेतलंय. ती मान वर न करता म्हणाली, "पप्पा, तुमचं संकेतनच झालं नाही."

"काय झालं नाही?"

"संकेतन. आत गेलंच नाही, तर बाहेर काय येणार?"

तिची परीक्षा जवळ आली होती आणि धडा नेमका 'स्मृती'चा होता. तिला पाठ म्हणून घ्यायला कुणीतरी हवं होतं, मला लाज वाटत होती. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी इस्त्री थंड झाली की मी तिचा विद्यार्थी झालो. बारावीनंतर पस्तीस वर्षांनी हातात पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानातच चक्रावलो.

माझी समजूत अशी, की स्मरणशक्ती म्हणजे कपाट. ज्याचं मोठं तो हुशार. पुस्तक म्हणे, कपाट एक नाही. ॲटकिन्सन आणि शिफ्रिन या दोघांनी १९६८ साली मांडलेल्या चित्रात तीन कप्पे आहेत. पहिला संवेदनांचा, तिथं गोष्ट क्षणभर टिकते. दुसरा अल्पकालीन स्मृतीचा, तिथं काही सेकंद. तिसरा दीर्घकालीन स्मृतीचा, तिथं जन्मभर राहू शकते. तिसऱ्या कप्प्यात नेमकं किती मावतं, हे आजवर कुणी मोजू शकलेलं नाही. दुसऱ्या कप्प्याला मात्र माप आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सांगितलं, एका वेळी सात, फार तर दोन कमी किंवा दोन जास्त. पुढच्या संशोधकांनी ते चारापर्यंत खाली आणलं.

सात म्हटल्यावर मी सावध झालो. शर्टाची मापं किती? लांबी, छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही, कॉलर. बरोबर सात! गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप लावून मी सातही आकडे तोंडानं घोकत वहीपर्यंत जातो. मध्येच कुणी "मास्तर, आमची पँट झाली का?" असं विचारलं की कॉलरसकट सगळी मापं हवेत. पुन्हा टेप काढायचा, गिऱ्हाइकानं पुन्हा हात वर करायचे. मला हा माझ्या वयाचा दोष वाटायचा. पण १९५९ मध्ये पीटरसन पती-पत्नींनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर हेच करून पाहिलं होतं. तीन अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि लगेच तीन-तीन वजा करत उलटे आकडे मोजायला लावले. घोकायला उसंतच नाही. अठरा सेकंदांत बहुतेक अक्षरं उडून गेली. ती पोरं विशीतली होती, हे वाचून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी डोक्याला खरा ताप झाला. दीर्घकालीन स्मृतीसुद्धा एक नाही. एंडेल टुल्विंग यांनी १९७२ मध्ये तिच्यात एक भेद दाखवला. 'नेसरी गडहिंग्लज तालुक्यात आहे' हे मला माहीत आहे, पण ते मी कधी आणि कुणाकडून शिकलो ते आठवत नाही. ही अर्थाची स्मृती. दुकानाच्या उद्घाटनाला नारळ फुटला नाही आणि सासरे ओशाळले, हे मात्र दिवस-वेळेसकट डोळ्यांपुढं येतं. ही प्रसंगाची स्मृती. आणि या दोन्हींहून निराळी तिसरी, हातापायांची. मशीनवर बसलो की पाय आपोआप पायट्यावर पडतात. बॉबिन कशी बसवायची ते मला तोंडानं सांगता येत नाही, हात आपले बसवून मोकळे होतात.

मला हे पटेना. स्मरण ते स्मरण, त्याचे असे तुकडे कसे पडतील? मग लेकीनं मला हेन्री मोलाइसनची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला सत्तावीस वर्षांचा तरुण, फिट्सनी हैराण. १९५३ मध्ये हार्टफर्डला डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराच भाग गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतरची नवी आठवण म्हणून त्याच्यात टिकेना. जेवलेलं ताट उचललं की जेवण विसरला. मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिलनर यांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं आणि प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्यानंच भेटल्या. बालपण मात्र शाबूत, आणि सात मापांचा कप्पाही शाबूत. २००८ मध्ये तो वारला, तोवर जगाला त्याच्या नावाची फक्त आद्याक्षरं माहीत होती.

या मिलनरबाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. कागद आणि हात झाकलेले, दिसणार फक्त आरशात. पहिल्या दिवशी रेघा वेड्यावाकड्या. दुसऱ्या दिवशी बऱ्या, तिसऱ्या दिवशी सफाईदार. आणि दर दिवशी त्याचं म्हणणं एकच, की हे मी आयुष्यात कधी केलेलं नाही.

माझ्या दुकानात ट्रायलचा आरसा आहेच. पुठ्ठ्याचा आडोसा केला, खडू घेतला आणि चांदणी गिरवायला बसलो. एकोणतीस वर्षं या हातांनी सरळ रेघा मारल्यात, पण आरशात बघून एक कोपरा वळेना! हात पुढं न्यावा तर मागं धावे. बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि कप ठेवून काही न विचारता निघून गेली. पण तिसऱ्या दिवशी माझीही चांदणी जमली. काय बदललं, ते विचाराल तर सांगता येणार नाही. हात शिकले, मला न विचारता. तेव्हा कुठं तुकड्यांची गोष्ट पटली.

हिप्पोकॅम्पस या ग्रीक शब्दाचा अर्थ समुद्रघोडा. तो भाग दिसतो तसा वळलेला. आठवणींच्या मुळाशीही घोडाच निघाला म्हटल्यावर नेसरीच्या माणसाची छाती थोडी फुगणारच.

आता सहा नावं पाठ करायची असं ठरवलं. स्मारकाच्या संदर्भात जी सांगितली जातात ती लेकीनं कागदावर लिहून दिली. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे. मी कागद मशीनला चिकटवला आणि दिवसातून वीस वेळा वाचला. रात्री लेकीनं कागद उलटा केला आणि म्हणाली, "म्हणा." तीन नावांवर गाडी बंद. गंमत म्हणजे तिनं मध्येच एक खोटं नाव घुसवलं, ते मी लगेच पकडलं. समोर आलं की ओळखतो, पण आपण होऊन आठवत नाही. पुस्तकात पहिलीला प्रत्यभिज्ञा म्हणतात, दुसरीला प्रत्यावाहन. शब्द अवघड, पण अनुभव रोजचा. गिऱ्हाइकाचा चेहरा बघितल्यावर "या या" म्हणतो आणि पावतीवर नाव लिहायची वेळ आली की पेन झटकत बसतो.

लेक म्हणाली, वाचणं बंद. कागद झाकायचा आणि आठवायचं. चुकलं तरी चालेल. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग तिनं सांगितला. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानं बघितलं तर स्वतःची परीक्षा घेणारे पुढं निघून गेले होते. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो. माझा वीस वेळांचा उद्योग म्हणजे हाच भास.

त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेल्या दोन हजारांवर अक्षरजुळण्या करून त्यांच्या याद्या पाठ करायच्या, विसरायच्या आणि पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागला ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त पाठांतर ओसरलेलं. दिवसानंतर एक तृतीयांश उरलेलं. पण महिन्यानंतर बघितलं तरी पाचवा हिस्सा शिल्लक! विसरणं सुरुवातीला धो-धो कोसळतं, मग रिपरिप. म्हणून पहिला पाऊस ओसरायच्या आत पुन्हा उजळणी करायची, मग अंतर वाढवत न्यायचं.

माझी सहा नावं मात्र आपापल्या स्वभावानं वागली. सिद्दी हिलाल पहिल्याच दिवशी पक्का बसला, कारण तो बाकीच्यांत वेगळा उठून दिसतो. विठ्ठल आणि विठोजी एकमेकांच्या घोड्यावर बसू लागले. मी हटकून 'विठोजी अत्रे' म्हणायचो. सारख्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात, त्याला व्यत्यय म्हणतात. आणि दीपोजी राऊतराव! ते नाव जिभेच्या टोकावर येऊन थांबायचं. 'द'नं सुरू होतं हे कळायचं, आडनाव मोठं आहे हे कळायचं, पण नाव नाही. अशा अडलेल्या शब्दांवर ब्राऊन आणि मॅकनील यांनी १९६६ मध्ये अभ्यास केलाय. माणसांना शब्द न आठवताही त्याचं पहिलं अक्षर आणि लांबी बऱ्याचदा बरोबर सांगता येते. शेवटी मी दीपोजीला दिवाळीच्या घाईत बसवलं, आकाशदिव्याखाली घोडा. त्यानंतर तो चुकला नाही. जुन्याशी नव्याची गाठ मारली की टिकतं, एवढं कळलं.

दहा दिवसांत सहाही नावं आली. मी खूश. आणि नेमका तेव्हाच इतिहासाचे एक निवृत्त गुरुजी कोटाची बाही कमी करायला आले. मी त्यांना धडाधडा नावं म्हणून दाखवली. ते हसले. म्हणाले, "सभासदाची बखर वाचलीस काय? त्यात सात नाहीत. त्यात मोठं युद्ध आहे."

ती बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली, म्हणजे घटनेनंतर वीस-तेवीस वर्षांनी. सातांचा धागा दुसरीकडून येतो. लढाईच्याच वर्षी एप्रिलमध्ये नारायण शेणवी यांनी इंग्रजांना कळवलं, की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणि आणखी सहा स्वार मारले गेले, बाकीची फौज मदतीला पोचली नाही. "पुढं कुसुमाग्रजांची कविता आली, लतादीदींचा आवाज आला," गुरुजी म्हणाले, "आता कुणाच्याही डोळ्यांपुढं येतं ते त्या गाण्यातलं."

ते गेल्यावर मी लेकीला म्हणालो, "म्हणजे गाव चुकीचं आठवतंय?" तिनं मला बार्टलेटच्या पानावर नेलं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात एक प्रयोग दिला आहे. तिकडच्या लोकांना उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची एक भुताखेतांची लढाईची गोष्ट वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर खेपेला गोष्ट आखडत गेली, अनोळखी भाग गळाले आणि 'कनू' जातीच्या होड्यांच्या जागी साध्या होड्या आल्या. कुणी खोटं बोलत नव्हतं. आठवणं म्हणजे ठेवलेलं काढणं नव्हे, उरलेल्या तुकड्यांवरून पुन्हा रचणं.

मला आईची वाकळ आठवली. आप्पांचं धोतर, आईची लुगडी, अक्काचा परकर, माझी शाळेची चड्डी, सगळ्यांचे तुकडे आणि वरून धावदोरा. दर उन्हाळ्यात आई ती धुऊन फाटल्या जागी नवं ठिगळ घालायची. आम्ही तिला एकच वाकळ म्हणायचो, पण पहिल्या सालातलं कापड तिच्यात किती उरलं होतं? मेंदूतही, म्हणे, दृश्य एकीकडे, आवाज दुसरीकडे, वास तिसरीकडे. आठवण काढायची म्हणजे ते सगळं पुन्हा एका दोऱ्यात घ्यायचं. आणि २००० साली न्यू यॉर्कमध्ये करीम नादेर वगैरेंनी उंदरांवर दाखवलं, की पक्की झालेली भीतीची आठवणसुद्धा जागी केली की काही काळ पुन्हा सैल पडते. टाके उसवतात, तसंच. त्या वेळात जे हाताशी असेल ते आत शिवलं जाऊ शकतं.

"लोकांचं असेल तसं," मी म्हणालो. "माझं एक तरी पक्कं आहे. मी सहा वर्षांचा होतो. महाशिवरात्रीला आप्पांनी मला सायकलवरून लढाईची खिंड दाखवायला नेलं. तिथं उभं राहून त्यांनी सगळी लढाई सांगितली. त्यांचा आवाज अजून कानात आहे."

लेकीनं परीक्षेच्या उत्साहात आत्याला फोन लावला. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. म्हणाली, "आप्पा? आप्पा तवा मुंबईत हुते की रं! मिलमध्ये. तुला आज्जानं न्हेलतं. आन् सायकल कुठली? चालत गेलासा. येताना तू रडलास म्हणून आज्जानं खांद्यावर घेतलं."

मी भांडलो. अक्का म्हणाली, "थांब." चार दिवसांनी तिनं माहेरच्या जुन्या कागदांतलं एक आंतरदेशीय पत्र पाठवलं. आप्पांचं अक्षर. लालबागहून आज्जाला लिहिलेलं. पाऊस, पगार, नातेवाइकांची खुशाली, आणि खाली एक ओळ. बाळ्याला खिंड दाखवून आणलीत हे बरं केलंत, आलो की मीही त्याला घेऊन जाईन.

पत्र हातात धरून बसलो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर आप्पा कायमचे गावी आले. तोवर मी दहा वर्षांचा. रात्री त्याच वाकळेखाली ते लढाईची गोष्ट सांगायचे, हे अक्कालाही आठवतं. म्हणजे आवाज आप्पांचाच होता, फक्त खिंडीतला नव्हता. खिंड आज्जाची, आवाज आप्पांचा, सायकल कुणाची कोण जाणे. आणि मी, शिंपी झालेलो, जोड दिसू नये अशा सफाईनं तिन्ही तुकडे जोडून बसलो होतो. आठवण कुठून आली याची पावती मेंदू हरवतो आणि माल ठेवून घेतो.

आणखी विचित्र पुढंच. पत्र वाचूनही डोळ्यांपुढं आप्पाच येतात. लेक म्हणाली, असंच होतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्याच सकाळी अल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होता, कुणी सांगितलं. अडीच वर्षांनी चव्वेचाळीस जणांना पुन्हा विचारलं. साधारण चौथा हिस्सा पूर्णपणे चुकला, आणि तोही ठामपणे. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले कागद दाखवले, तरी जुनी खरी आठवण परत येईना.

परीक्षा संपल्यावर मी लेकीला मोटारसायकलवर घेतलं आणि खिंडीकडे गेलो. जिथं घडलं तिथं गेलं की आठवतं, असंही त्या पुस्तकात आहे. बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७५ मध्ये पाणबुड्यांना शब्द पाठ करायला लावले. पाण्यात शिकलेले शब्द पाण्यातच जास्त आठवले, किनाऱ्यावर शिकलेले किनाऱ्यावर. मी दोन डोंगरांकडे बघत उभा राहिलो. वारा होता. आणि एकाएकी कानात करकर आली. कोल्हापुरी वहाणांची, सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या पायांची. आज्जाची वहाण!

डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच शंका आली. ही करकर सहा वर्षांच्या मला ऐकू आली होती, की अक्काचा फोन झाल्यावर मी आत्ता शिवली? खात्री करायला आता कुणी नाही. लेकीला विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, त्याची नोंद नाही."

मी सातही नावं खिंडीत मोठ्यानं म्हटली. एकही चुकलं नाही.

घरी आलो. चहा पिता पिता लेक आईला सांगत होती, "आणि पप्पा तिथं गुडघ्यावर बसले, मातीला हात लावला आणि मग नावं म्हणाले." मी गुडघ्यावर बसलो नव्हतो. उभाच होतो, गुडघे दुखतात. पण ती इतक्या खात्रीनं सांगत होती, की मला क्षणभर मातीचा गारवा हाताला जाणवला.

उठलो आणि मापाची वही काढली. एका गिऱ्हाइकाच्या सीट-शोल्डरखाली तारीख घातली आणि लिहिलं. खिंडीत गेलो. सोबत लेक. मोटारसायकल. उभा होतो.